हप्त्याची गाडी झेपेनाशी झाली तर: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकरा वर्षे एका फायनान्स कंपनीच्या नागपूर शाखेत थकलेल्या खात्यांच्या फाइली सांभाळल्या. आता सक्करदऱ्यात घरीच असतो आणि संध्याकाळी लोक पिशवीत कागद घेऊन येतात. ई-रिक्षावाले, वाडीचे ट्रकवाले, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कंपन्यांत जाणारी पोरं, कामावर जायला स्कूटर घेतलेल्या ताया. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरे लिहून ठेवतो आहे.

गाडी तुमच्या दारात उभी आहे तोवर तुमच्यापुढे तीन-चार रस्ते असतात. गाडी यार्डात, म्हणजे कंपनीने उचललेल्या गाड्या ठेवतात त्या आवारात, गेली की एकच उरतो आणि तो कंपनी ठरवते. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात-आठ जण यार्डात गेल्यावर येतात, याचे मला फार वाईट वाटते. जमल्यास पहिला हप्ता चुकायच्या आधी हे वाचा.

माझ्या आरसीवर ‘एचपी’ लिहिले आहे. मग माझा करार हायर परचेसचा आहे की कर्जाचा?

आरसी पाहून ठरवू नका. आरटीओच्या बोलीत दोन्हीला ‘एचपी’च म्हणतात. कराराचे पहिले पान काढा आणि त्याचे नाव वाचा.

खऱ्या हायर परचेसमध्ये, म्हणजे भाडे-खरेदीत, शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालक कंपनी असते. तुम्ही गाडी भाड्याने वापरता आणि शेवटी ती विकत घेण्याचा पर्याय तुमच्याकडे असतो. आज बँका आणि फायनान्स कंपन्या बहुतेक ‘लोन-कम-हायपोथिकेशन’ करार करतात. त्यात मालक तुम्ही, गाडी तारण आणि तुमच्या डोक्यावर कर्ज.

फरक कुठे पडतो? भाडे-खरेदीत गाडी परत देऊन करार संपवण्याची सोय करारातच लिहिलेली असू शकते. ते कलम सापडले तर त्यातल्या अटींप्रमाणे चाला. कर्जात गाडी परत दिली म्हणून कर्ज फिटत नाही. गाडी विकून जे येईल ते वजा होते आणि बाकी तुमच्याच नावावर राहते. एक गोष्ट मात्र दोन्हीत सारखी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे आरसीवर बोजा (कंपनीच्या हक्काची नोंद) चढलेला असेपर्यंत कंपनीच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

अर्धे पैसे भरले की गाडी परत करून मोकळे होता येते, असे एका व्हिडिओत पाहिले. खरे आहे का?

ब्रिटनमध्ये खरे आहे, नागपुरात नाही. तिथे १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्यात अशी तरतूद आहे की एकूण रकमेच्या निम्मे भरले, गाडी नीट ठेवली, तर परत देऊन करार संपवता येतो. तो व्हिडिओ तिथल्या माणसाने तिथल्या माणसांसाठी केलेला असतो.

आपल्याकडेही हायर परचेस कायदा १९७२ मध्ये मंजूर झाला होता आणि त्यात गाडी घेणाऱ्याला नोटीस देऊन करार संपवण्याचा हक्क होता. पण तो कधी अमलातच आणला गेला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. तो लागू झाला असता तर आज माझ्याकडे येणाऱ्या अनेकांची वाट सोपी झाली असती, असे मला मनापासून वाटते. आज मात्र तुमचा करार, १८७२ चा करार कायदा आणि रिझर्व्ह बँकेचे नियम एवढ्यावरच चालावे लागते.

हप्ता अजून चुकलेला नाही, पण पुढच्या महिन्यापासून जमणार नाही हे दिसते आहे. पहिले काम काय?

शाखेत जा आणि तीन कागद मागा: खात्याचा उतारा, आजच्या तारखेचे फोरक्लोजर पत्र (आज सगळे कर्ज फेडायला किती लागतील ते सांगणारे) आणि कराराची संपूर्ण प्रत. कर्ज ऑक्टोबर २०२४ नंतरचे असेल तर चौथाही मागा, तो म्हणजे मुख्य तथ्य विवरणपत्र, ज्याला शाखेत ‘केएफएस’ म्हणतात. त्यात खरा वार्षिक व्याजदर आणि सगळे आकार एका जागी असतात. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

हे कागद तुमच्या भाषेत मागता येतात. कर्जदाराशी होणारा पत्रव्यवहार त्याला समजणाऱ्या भाषेत असावा, असे रिझर्व्ह बँकेने फायनान्स कंपन्यांना घालून दिलेले आहे. तुमचा अर्जही मराठीतच लिहा. दोन प्रती करा, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. काउंटरवरचा मुलगा ‘ऑनलाइन टाका’ म्हणाला तर ईमेलही करा, पण पोच सोडू नका. तोंडी बोलण्याला नंतर काडीची किंमत राहत नाही. ज्याने ‘बघू दादा, टेन्शन घेऊ नका’ म्हटलेले असते त्याची सहा महिन्यांत बदली होते.

उतारा हातात आला की व्याज तपासा. गाडी घेताना शोरूममध्ये ‘फक्त नऊ टक्के’ सांगितलेले असते आणि ते बरेचदा फ्लॅट असते. एक लाख रुपये, तीन वर्षे, नऊ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज २७,००० आणि हप्ता सुमारे ३,५२८ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, पण व्याज पूर्ण लाखावर धरलेले असते. घटत्या शिलकीवर हिशोब केला तर हा दर १६ टक्क्यांच्या वर जातो. पहिल्या वर्षात इतके भरूनही मुद्दल फारसे हलत नाही ते यामुळेच.

हप्ता कमी करून मिळतो का?

मागितला तर बरेचदा मिळतो, पण खाते ‘एनपीए’, म्हणजे कंपनीच्या लेखी बुडायला आलेले, व्हायच्या आत. थकबाकीला ९० दिवस झाले की खाते एनपीए होते. त्याआधी एक ते तीस, एकतीस ते साठ, एकसष्ट ते नव्वद असे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर फाइल वेगळ्या टेबलावर सरकते. पहिल्या टप्प्यात तुमच्याशी शाखेतला ओळखीचा माणूस बोलतो. तिसऱ्यात वसुली एजन्सी बोलते.

समजा तीन लाख बाकी आहेत, व्याज घटत्या शिलकीवर १४ टक्के आणि २४ हप्ते उरले आहेत. हप्ता सुमारे १४,४०० येतो. मुदत ३६ महिने करून घेतली तर तो सुमारे १०,२५० होतो. महिन्याला चार हजारांवर सुटतात, पण शेवटपर्यंत एकूण सुमारे २३,००० जास्त जातात. गाडी कमावती असेल आणि अडचण दोन-तीन महिन्यांची असेल, तर हा सौदा मी मान्य करा म्हणेन. गाडी नुसती दारात उभी असेल तर नका करू. नुसते पुढे ढकलल्यासारखे होईल.

ट्रॅक्टर असेल तर हप्ता महिन्याला न ठेवता पिकाच्या पैशाशी जुळवून सहामाही करा, असा अर्ज द्या. काटोल-नरखेडच्या संत्रावाल्याचा पैसा आंबिया आणि मृग बहराला येतो, दर महिन्याच्या पाच तारखेला नाही. हे लिहून मागितले की अधिकाऱ्यालाही फाइलवर शेरा मारायला आधार मिळतो.

गाडी स्वतः विकू शकतो का? बोजा असताना?

हो, आणि माझ्या मते बहुतेकांसाठी हाच सगळ्यात चांगला रस्ता आहे. याच प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

आधी आकडे पाहा. समजा बाकी ४,१०,००० आहे. गाडी तुम्ही स्वतः, धुऊन-पुसून, सर्व्हिसिंगची बिले दाखवून विकली आणि ३,४०,००० आले. अंगावर ७०,००० राहिले. तीच गाडी कंपनीने उचलली, यार्डात पाच महिने ठेवली आणि लिलावात २,६०,००० ला गेली. त्यात ओढून नेण्याचे आणि यार्डभाड्याचे १८,००० मिळवा. अंगावर १,६८,००० आले. गाडी तीच, माणूस तोच आणि फरक ९८,००० रुपयांचा.

लिलावात भाव का पडतो, हे ज्याने मे महिन्यात यार्ड पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. मी कामठी रोडकडच्या एका यार्डात पंचनाम्याला जायचो. वर छप्पर नाही, खाली मुरूम, पारा ४५ च्या वर. बॅटरी उतरलेली, टायर एका बाजूने बसलेले, डॅशबोर्डला उभी चीर. एका मालवाहू गाडीत आरशाला वाळलेला झेंडूचा हार होता, पूजेच्या दिवशीचा, आणि सीटखाली जेवणाचा डबा तसाच राहिलेला. त्या गाडीचे नऊ हप्तेच उरले होते. ती घेणाऱ्याने तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. यादी बघून दहा गाड्या एका बोलीत उचलल्या.

आता कृती. फोरक्लोजर पत्र घ्या. त्यावर रक्कम किती तारखेपर्यंत चालेल ते लिहिलेले असते. ग्राहक शोधा आणि त्याला बोजाची गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. पैसे तुमच्या खात्यात न घेता थेट तुमच्या कर्जखात्यात भरायला लावा आणि भरण्याच्या दिवशी दोघांनी शाखेत बसा. कमी पडणारी रक्कम तुम्ही त्याच दिवशी भरा. ती एकदम नसेल तर आधीच अर्ज करून बाकीच्या रकमेचे वेगळे छोटे हप्ते मागा. काही शाखा देतात, काही नाही, पण मागायला काही जात नाही. खाते बंद झाले की एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ दोन प्रतींत घ्या. मग परिवहन पोर्टलवर अर्ज करून आपल्या आरटीओत बोजा उतरवा. एमएच-३१ असेल तर शहर, एमएच-४९ असेल तर पूर्व, एमएच-४० असेल तर ग्रामीण. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी ग्राहकाच्या नावावर करा. विमा १४ दिवसांत त्याच्या नावावर व्हायला हवा. फास्टॅग बंद करायला विसरू नका, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.

मुदतीआधी कर्ज फेडण्याचा आकार लागू शकतो. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, बदलत्या व्याजदराच्या, व्यक्तीने व्यवसायाशिवायच्या कामासाठी घेतलेल्या कर्जावर तो घेता येत नाही. पण गाडीची बरीच कर्जे स्थिर व्याजाची असतात, त्यांना हा नियम लागत नाही. करारात किती टक्के लिहिले आहे ते पाहा आणि तोही कमी करा म्हणून अर्जातच लिहा.

एक ओळखीचा भाऊ म्हणतो, ‘गाडी मला दे, उरलेले हप्ते मी भरतो, स्टॅम्पपेपर करून घेऊ.’ द्यावी का?

देऊ नका. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलेले तुम्हा दोघांत राहते. कंपनीच्या दप्तरी कर्जदार तुम्ही आणि आरटीओच्या दप्तरी मालकही तुम्हीच. त्याने दोन हप्ते भरून हात वर केले तर फोन तुमच्याच घरी येतील. त्याने कुणाला ठोकले तर भरपाईच्या दाव्यात नाव तुमचे येईल. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. शिवाय तारण ठेवलेली गाडी कंपनीला न विचारता परस्पर दिली म्हणून तुमच्यावर फौजदारी तक्रार होऊ शकते. वाठोड्याच्या एका भावाने ई-रिक्षा अशी दिली होती. गाडी गेली भंडाऱ्याकडे, तो माणूस सापडेना, आणि हप्ते हा दीड वर्ष भरत होता.

त्या ओळखीच्या भावाला खरोखर घ्यायची असेल तर त्याला शाखेत घेऊन जा. त्याच्या नावाने नवे कर्ज मंजूर होऊ द्या आणि त्यातून तुमचे खाते बंद करा.

ग्राहक मिळत नाही. मग मी स्वतःच गाडी जमा करू का?

करता येते. शाखेत याला ‘सरेंडर’ म्हणतात. ओढून नेण्याचा खर्च वाचतो आणि चारचौघांसमोरची शोभा टळते. पण पुन्हा सांगतो, याने कर्ज संपत नाही.

जमा करताना पत्र द्या: मी अमुक कारणाने गाडी स्वेच्छेने जमा करतो आहे, लिलावाआधी मला लेखी कळवावे, मूल्यांकनाची प्रत द्यावी, विक्रीची रक्कम कळवावी. चारही बाजूंचे, टायरचे, किलोमीटरच्या आकड्याचे फोटो तारखेसह काढा. गाडीतल्या वस्तूंची यादी करून त्यावर सही घ्या: स्टेपनी, जॅक, टेप, ताडपत्री. चाव्या किती दिल्या तेही लिहा. गाडीतली आपली सगळी कागदपत्रे काढून घ्या. एका ताईंचा मुलीच्या दहावीच्या मार्कशीटचा लिफाफा डिकीत राहिला होता, तो परत मिळवायला तिला चार चकरा माराव्या लागल्या.

वसुलीवाले रस्त्यात गाडी अडवून घेऊन जाऊ शकतात का?

करारात ताबा घेण्याचे कलम असेल तर कंपनी ताबा घेऊ शकते, पण कसा घ्यायचा याला नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे करारात हे लिहिलेले असावे लागते: ताब्याआधी किती दिवसांची नोटीस, ती कोणत्या स्थितीत टाळता येईल, ताबा कसा घेणार, विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी, गाडी परत कशी मिळेल आणि लिलाव कसा होईल. तुमच्या करारात हे नसेल तर तुमच्या तक्रारीला भक्कम पाया आहे. गुंड लावून, दमदाटी करून गाडी नेणे चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले आहे.

फोनही केव्हाही करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करायला मनाई केली आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, मोबाइलवर धमकीचे मेसेज हेही चालत नाही.

प्रत्यक्ष गाठ पडली तर मारामारीत पडू नका. ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र मागा, त्यांचे फोटो घ्या. जबरदस्ती होत असेल तर ११२ लावा. गाडीत आई-वडील, लेकरे असतील तर आधी त्यांना सुरक्षित घरी पोहोचवा, गाडीचे नंतर पाहता येते. गाडी गेलीच तर ताब्याची पावती, वस्तूंची यादी आणि यार्डाचा पत्ता लेखी घ्या आणि त्याच दिवशी शाखेत अर्ज टाका की मला किती दिवसांत किती भरून गाडी सोडवता येईल. इथे एक-एक दिवस मोलाचा असतो.

गाडी लिलावात गेली आणि आता दीड लाख मागत आहेत. भरावे लागतील?

आधी हिशोब मागा. किती तारखेला, कितीला विकली, मूल्यांकन किती होते, मला नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवली, कोणते आकार लावले. उशिराच्या दंडावर व्याज लावलेले दिसले तर बोट ठेवा. १ एप्रिल २०२४ पासून दंड हा दंड म्हणूनच घेता येतो, तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नोटीस न देता, बाजारभावापेक्षा फारच कमीत विकलेली असेल तर ग्राहक आयोगात दाद मागता येते. हिशोब बरोबर निघाला तर रक्कम देणे लागते, पण ती तडजोडीने कमी होऊ शकते.

चेक किंवा नॅच बाउन्स झाला तर जेल होते का?

हप्ता थकणे हा गुन्हा नाही. बाउन्स हा वेगळा विषय आहे. चेकसाठी परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ आणि खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यासाठी, म्हणजे नॅचसाठी, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याचे कलम २५. दोन्हीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याआधी तुम्हाला लेखी मागणीची नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला मिळतात. म्हणून वकिलाचे पाकीट परत पाठवू नका. घ्या, उघडा, तारीख लिहा. केस उभी राहिली तरी मध्येच आपसात मिटवता येते. कोर्टाची तारीख मात्र कधीही चुकवू नका. वॉरंट निघते ते गैरहजेरीमुळे.

चेन्नईहून की मुंबईहून लवादाची नोटीस आली आहे. खोटी आहे का?

बहुतेकदा खरी असते. करारात लवादाचे, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाने मिटवण्याचे, कलम असते, कंपनी आपल्या गावी लवाद नेमते आणि नागपूरचा माणूस कागद कपाटात टाकतो. सहा महिन्यांनी निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो. उत्तर द्या. वादात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्यानेच लवाद नेमू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. ‘मला ही नेमणूक मान्य नाही’ असे पहिल्याच उत्तरात लिहा. निवाडा झाला असेल तर तो रद्द करून मागायला तीन महिने असतात, त्यासाठी लगेच वकील गाठा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता आणि इतरांना वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा भरते. दावा लागायच्या आधीचेही प्रकरण तिथे ठेवता येते. मी लोकअदालतीत कंपनीच्या बाजूने बसलो आहे, म्हणून खात्रीने सांगतो: त्या दिवशी अधिकाऱ्याला प्रकरणे मिटवायचीच असतात. रोख किती आणि किती हप्त्यांत देऊ शकता याचा आकडा घरूनच ठरवून जा. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून झेपेल तेवढेच कबूल करा.

सेटलमेंट केली तर सिबिल खराब होते म्हणतात.

होते. पतनोंदीत खात्यापुढे ‘सेटल्ड’, म्हणजे तडजोडीत मिटवलेले, असे लागते आणि पुढे कर्ज देणारा विचारतो. पण तीन वर्षे थकबाकी साठत राहिली तर ते याहून वाईट दिसते. सेटलमेंटचे पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हातात आल्याशिवाय रुपयाही भरू नका. पत्रात एकूण रक्कम, तारखा आणि ‘यानंतर काही येणे नाही’ हे शब्द हवेत. पैसे कंपनीच्या खात्यात भरा, एजंटच्या फोनवर नाही. नंतर पतअहवाल काढा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक अहवाल मोफत मिळतो. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

मी फक्त जामीनदार आहे. माझ्यामागे का लागले?

करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे म्हणता येत नाही. तुम्ही भरले तर ते त्याच्याकडून मागण्याचा हक्क मात्र तुम्हाला आहे. पावत्या तुमच्या नावाने घ्या.

घरातला कमावता माणूस गेला. हप्ते कोण भरणार?

आधी करारासोबत कर्जविमा होता का ते पाहा. गाडी देताना अनेकदा तो गुपचूप जोडलेला असतो आणि घरच्यांना माहीत नसते. उताऱ्यात विम्याच्या हप्त्याची नोंद शोधा. असेल तर विमा कंपनीकडे दावा करा, ती रक्कम कर्जात वळती होते. नसेल तर वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केलेली नसेल तर घाबरून कुठल्या नव्या कागदावर सही करू नका. तेराव्याच्या आतच कागद घेऊन येणारे मी पाहिले आहेत.

बायकोचे सोने गहाण ठेवून हप्ते भरू का?

दर महिन्याच्या हप्त्यासाठी नको. सहा महिन्यांत सोनेही जाते आणि गाडीही. गाडी विकून उरलेली शेवटची छोटी रक्कम एकदाच भरून खाते बंद होत असेल आणि ते सोने सोडवायची तारीख समोर दिसत असेल, तर विचार करा. मोहल्ल्यातल्या सावकाराकडे मुळीच जाऊ नका. गेलाच असाल आणि त्याच्याकडे परवाना नसेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार होते.

मोबाइल, टीव्ही, फ्रिज हप्त्यावर घेतले आहेत. तेही असेच का?

बहुतेक ते साधे कर्ज असते. वस्तू परत घ्यायला सहसा कोणी येत नाही, पण बाउन्सचे आकार आणि सिबिल दोन्ही लागतात. रक्कम छोटी असते. दोन-तीन असतील तर सगळ्यात कमी बाकीचे आधी बंद करा.

शाखेत कोणी ऐकत नाही. वर कुठे जायचे?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या. त्याचे नाव आणि पत्ता शाखेत लावलेले असावे लागते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार होते. माहितीसाठी १४४४८. बँका आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या मोठ्या फायनान्स कंपन्या यात येतात.

दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली रिक्षा किंवा टेम्पो असला तरी तुम्ही ग्राहकच ठरता, ‘ही व्यापारी गाडी आहे’ म्हणून हाकलले तर ऐकू नका. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून पाहा, काही कामे तेवढ्यानेच होतात.

सगळे भरले, पण एनओसी देत नाहीत.

पूर्ण परतफेड किंवा सेटलमेंट झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि नोंदलेला बोजा काढायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून व्यक्तिगत कर्जांना लागू आहे. उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा आकडा अर्जात लिहा. मी लिहून दिलेल्या तीन अर्जांपैकी दोघांची एनओसी त्याच आठवड्यात घरी आली. ती आल्यावर फॉर्म ३५ तसाच कपाटात ठेवू नका, त्याच महिन्यात आरटीओत द्या. एमएच-३१ वाल्यांनी गिरीपेठला सकाळी लवकर जावे आणि जाताना आरसी, विमा, पीयूसी, आधार आणि त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवाव्या.